ये म्हणण्याआधीची चौकशी

मराठी मंडळाचे अध्यक्ष श्रावणातल्या एका सकाळी घरी आले, चहा घेतला, दुसरा कप मागून घेतला आणि मग म्हणाले, "बात अशी आहे, की तुम्ही आता एकदम रिकामे आहात."

निवृत्त माणसाला तोंडावर रिकामा म्हणायचं आणि वर त्याच्याच घरचा चहा प्यायचा, याला धाडस लागतं. ते अध्यक्षांकडे भरपूर आहे. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या लोकांनी ग्वाल्हेरात उभे केलेले धंदे तरुण पिढीला कळले पाहिजेत. म्हणून गणपतीपासून दसऱ्यापर्यंत एक रविवार सोडून एक, मंडळाच्या हॉलमध्ये उद्योजकांच्या मुलाखती ठेवायच्या. प्रश्न मी विचारायचे. तरुण पिढी कुठून आणणार, असं मी विचारलं. "होऊन जाईल," अध्यक्ष म्हणाले. आमच्या गावात या दोन शब्दांवर लग्नं, निवडणुका आणि इमारती उभ्या राहतात.

एरवी मी त्यांना तिसरा कप पाजून वाटेला लावलं असतं. पण त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला होता.

माझी एकुलती एक मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मोठ्या इस्पितळात नोकरी करते, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे परत कामाला लावते. तिची एक सिनियर मैत्रीण नोकरी सोडून स्वतःचं क्लिनिक काढणार होती आणि भागीदार म्हणून तिनं माझ्या मुलीला विचारलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, क्लिनिकच काढायचं तर मग ग्वाल्हेरला आपल्या खालच्या दोन खोल्यांत का नको? तिथे चालेल का? खरं सांगा. माझ्या सिनियरना दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायचंय, त्याआधी मला उत्तर द्यायला हवं."

मी म्हणालो, "चौकशी करून सांगतो."

मी आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय राहिलं ते शोधायचं आणि त्यावर आक्षेपाचा पॅरा लिहायचा, हे माझं काम. बायको म्हणायची, चपला आणि पॅरे दाराबाहेर काढून आत येत जा. चपला मी काढायचो. कागद पुरे झाल्याशिवाय सही करायची नाही, हे इतकं अंगात मुरलेलं, की भाजीवालीनं "मटार गोड आहेत" म्हटलं तरी मी दोन दाणे खाऊन पाहतो. इथे तर मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. माझ्या एकटेपणापायी तिनं पुणं सोडायचं आणि इथे माशा मारत बसायचं, हे मला नको होतं. तेव्हा आधी पक्की चौकशी आणि मग उत्तर. चौकशीला या मुलाखतींइतकी चांगली सबब शोधून सापडली नसती. मी अध्यक्षांना होकार दिला.

पण मला मुलगी इथे हवी होती. हे इथे सरळ लिहून टाकतो.

आमचं घर लष्कर नावाच्या जुन्या वस्तीत, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी जाण्याइतकं. गल्लीत पूर्वी बरीच मराठी घरं होती. आता एकाला कुलूप आहे, एकात मोबाईलच्या सामानाचं गोदाम आहे, एक पाडून दुकानं झाली, आणि एकात मी. बायको गेल्यापासून माझं सगळं बोलणं हिंदीत चालतं, दूधवाल्याशी, टेम्पोवाल्याशी, औषधाच्या दुकानात. मराठी दिवसच्या दिवस तोंडातून निघतच नाही. मग कधी संध्याकाळी कुकरलाच म्हणतो, "पुरे झालं आता," आणि आपलाच आवाज ऐकून दचकतो. एका माणसाचा भात मला अजून लावता येत नाही. उरतोच. सकाळी त्याला फोडणी द्यायची. फोडणीचा भात मला फार आवडायचा, तो बायको करायची तेव्हा.

पहिला पाहुणा ठरला सिक्युरिटी एजन्सीचा मालक. सिटी सेंटरच्या नव्या वस्तीत बँकांच्या आणि शोरूमच्या दारात निळ्या कपड्यांतले जे पहारेकरी उभे असतात, त्यांतले बरेचसे याचे. रविवारच्या आधी पाहुण्याला त्याच्या जागी भेटून बोलून घ्यायचं, अशी पद्धत मी घातली होती. त्याशिवाय हॉलमध्ये काय विचारणार? त्याचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले आणि पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केली. त्याच्या केबिनमध्ये भिंतीवर तलवार असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. टेबलावर नव्या शिट्ट्यांनी भरलेला खोका होता.

"आजोबांच्या आजोबांनी किल्ला राखला म्हणतात," तो म्हणाला. "मी एटीएम राखतो. चालायचंच साहेब, ज्याला जे भेटलं ते."

मी विचारलं, आता पुढे काय करायची इच्छा आहे? त्याच्यासारखा माणूस भोपाळ, इंदूर म्हणेल अशी माझी अटकळ. तो म्हणाला, "माझी एकच इच्छा आहे. माझ्या गार्डला बसायला खुर्ची भेटावी. काँट्रॅक्ट देणारी पार्टी म्हणते, बसला तर झोपून जाईल. अरे भाई, तू राहा ना उभा दिवसभर! संध्याकाळी त्यांचे पाय पाहा साहेब, लाकडं होऊन जातात. दर नव्या काँट्रॅक्टला मी खुर्ची मागतो आणि दर वेळी ते हसतात."

मी योग्य जागा बघून माझा प्रश्न सरकवला. "समजा, एखादी शिकलेली मुलगी पुण्याहून इथे आली आणि लष्करात फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं, तर चालेल?"

"धावेल साहेब! सगळ्यात आधी मी गार्ड पाठवून देईन. केव्हा येतेय?"

"कोण?"

"जी येतेय ती."

"मी आपलं उदाहरण म्हणून विचारलं."

"हो ना, हो ना," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उदाहरण केव्हा येतंय?"

मी विषय बदलला. पण परतताना सवारीच्या टेम्पोत बसलो तो शेजारचा माणूस वळून बघेपर्यंत हसत होतो. त्या रविवारी मुलीला फोनवर सांगितलं, "सिक्युरिटीवाले म्हणतात, चांगलं चालेल. मात्र लष्करात गाडी लावायला जागा नाही, ती एक अडचण आहे." दुसरं वाक्य जोडायची काही गरज नव्हती. पण नुसतं चांगलं चांगलं लिहिलेला अहवाल मी उभ्या जन्मात कुणाचा खरा मानला नाही, मग स्वतःचा कसा देणार?

"हं," मुलगी म्हणाली. "बघा अजून."

मी बघत होतोच. तिला न सांगता खालच्या खोल्या रिकाम्या करायला घेतल्या. जुनी कपाटं काढली, बायकोची शिलाईची मशीन वर आणली. मिस्त्री बोलावून उंबऱ्यापाशी दोन पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार करून घेतला, कारण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायरी कशाला? मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, स्कूटर लेनी है क्या?" मी म्हटलं, हां, ऐसा ही समझो. भिंतीवर खडूनं खुणा केल्या, इथे टेबल, इथे पडदा, इथे लोकांनी बसायचं. उत्तर ठरायच्या आधी एवढा खटाटोप करणं माझ्या सगळ्या नियमांत न बसणारं होतं. त्या दिवसांत मला भूकही बरी लागायची.

दुसऱ्या पाहुण्या म्हणजे फराळाचा कारखाना चालवणाऱ्या वहिनी. बायकोची मैत्रीण, म्हणून मी त्यांचा भावजी. घरच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडायला सुरुवात केली होती, आता लष्करातच एका गल्लीत मोठी जागा आहे, हाताखाली बऱ्याच बायका आहेत आणि त्या एकमेकींशी हिंदीत भांडत अनारसे थापतात. मी गेलो तेव्हा पुठ्ठ्याचे खोके भरणं चाललं होतं. प्रत्येकावर पत्ता. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, पुणे, पुणे, आणि एका बाजूला परदेशाचे.

"इथले लोक घेत नाहीत?" मी विचारलं.

"इथे आहे कोण घ्यायला?" वहिनी म्हणाल्या. "म्हातारा-म्हातारी दोघं असतात, एकाला शुगर, दुसऱ्याला दात नाहीत. ते स्वतःसाठी काही घेत नाहीत, मुलांसाठी पाठवायला लावतात. मी सांगू भावजी, माझा धंदा वाढला की मला चांगलंही लागतं आणि वाईटही. एक मुलगा गेला बाहेर की माझा एक डबा वाढतो. ही काय तरक्की झाली? पण झाली तर आहे."

त्यांची इच्छा काय, हे मी विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "मुलगी येणार आहे म्हणे?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही, चौकशी चालू आहे. आमच्या भागातल्या खोल्यांना ओल किती, वीज किती जाते, माणसं फी देतील का, असं सगळं मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्या खोक्याला चिकटपट्टी लावत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक. तिनं यावं असं तुम्हाला वाटतं का?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही, वहिनी. तिचं भलं कशात आहे..."

"मग कुणाच्या वाटण्याचा आहे? शेजाऱ्यांच्या?" त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "माझा मुलगा गेला तेव्हा मीसुद्धा अशीच शहाण्यासारखी वागले. जा बाबा, तुझं भलं बघ. त्याला एकदा 'थांब' म्हणायला काय झालं होतं? थांबला नसताही. पण ऐकून तर गेला असता की आईला हवा होता. आता दिवाळीत सगळ्यात आधी त्याचा डबा भरते. तुम्ही आपली चौकशी करा आरामसे."

मला राग आला. वहिनींना धंद्याचं कळतं, पण म्हणून माझ्या घरातलं कळतं असं थोडंच आहे? तरीही हॉलमधल्या मुलाखतीत त्या इतक्या मोकळ्या बोलल्या, की म्हाताऱ्या मंडळींनी रुमाल काढले आणि चकल्यांच्या ऑर्डरीही दिल्या. मुलाखतीनंतर मंडळातर्फे शाल आणि नारळ देण्याची पद्धत आहे. शाल पाहुण्याची, नारळ मात्र तो लगेच मागच्या दारानं मंडळाला परत करतो, पुढच्या पाहुण्यासाठी. वहिनींनी तो परत दिला नाही. "खोबऱ्याच्या वड्यांत जाईल," म्हणाल्या. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मुलीला मी फोनवर सांगितलं, "मागणी आहे असं दिसतं. पण खालच्या खोल्यांना पावसाळ्यात ओल येते, आणि मशीनला लागेल तशी वीज राहील की नाही, ते बघावं लागेल."

ओल कुठल्या भिंतीला, ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आणि तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "माझं काय घेऊन बसलीस. अजून एक मुलाखत राहिलीय, मग सगळं मिळून सांगतो."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी तिचा फोन आला तो नुसता माझ्या औषधांची चौकशी करायला. क्लिनिकचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही, कारण माझा अहवाल तयार नव्हता.

शेवटची मुलाखत खुद्द अध्यक्षांची, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी. ही कल्पनाही अर्थात त्यांचीच. हॉलमध्ये नेहमीची मंडळी होती, सगळी पिकल्या केसांची. तरुण पिढी म्हणावी तर माइकवाला, तो आला तसा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. अध्यक्षांनी सुरुवातीलाच ठोकून दिलं, की आपल्या मुलांनी परत यावं, इथे धंदे काढावेत, ग्वाल्हेरला आज माणसांची जरूर आहे. टाळ्या पडल्या. मला तिडीक आली. यांची दोन्ही मुलं कॅनडात, आणि हे दुसऱ्यांच्या मुलांना आमंत्रणं देतात.

मी माइकवरच विचारलं, "तुमच्या मुलांना तुम्ही कधी म्हणालात, परत या म्हणून?"

अध्यक्ष चिडतील असं वाटलं होतं, त्यांनी नुसता चष्मा काढला. "नाही," ते म्हणाले. "हिंमत नाही झाली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर? मग मी भाषणं करतो."

पुढचा प्रश्न कागदावर लिहिलेला होता म्हणूनच मला विचारता आला. या वयात काही महत्त्वाकांक्षा उरली आहे का?

"आहे ना," ते म्हणाले. "या हॉलमध्ये एकदा तरी खुर्च्या कमी पडाव्यात. मी स्वतः जाऊन शेजारच्या शाळेतून मागून आणीन. रोज संध्याकाळी हॉल उघडून बसतो मी. लोक म्हणतात, समाजसेवा आहे. घरी करू काय एकटा?"

कुणी टाळी वाजवली नाही. मी त्यांचा हात धरला, स्टेजवरच, सगळ्यांसमोर. असलं काही मी आधी कधी केलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "ते जाऊ द्या, तुमची मुलगी केव्हा येते ते सांगा! आमचे गुडघे वाट पाहून राहिलेत!" अख्खा हॉल हसला. सिक्युरिटीवाल्यानं तर उभं राहून हात वर केला. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी गुपचूप चौकशी करत होतो आणि माझ्या चौकशीची चौकशी घरोघर चालली होती.

मला लाज वाटायला हवी होती. पण मी आनंदात होतो. इतक्या माणसांनी माझ्या मुलीची वाट बघावी! हॉलपासून फूलबागेवरून घरापर्यंत मी पायी आलो. उजेड अजून होता, देवीच्या मंडपांचे भोंगे सुरू झाले होते, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. पार्किंग नाही, ओल आहे, वीज जाते, हे सगळं मी टाकून दिलं. एकच शब्द राहिला. दसरा अजून यायचा होता, म्हणजे मुदतीच्या आतच होतो मी.

दारातला नवा उतार चढून खालच्या खोलीत गेलो, खडूच्या खुणांपाशी उभा राहिलो आणि तिला फोन लावला. तिनं उचलला. तिचा आवाज घुमत होता, रिकाम्या खोलीत घुमतो तसा.

"बाबा? बोला ना. आज मुलाखत होती ना तुमची?"

"झाली," मी म्हणालो. "ऐक. तू ये."

पलीकडे लांबून कुणीतरी विचारलं, "मॅडम, ही भिंत पण पांढरीच ना?" आणि तिनं फोन बाजूला धरून "हो, तीही" म्हटलेलं मला ऐकू आलं.

दसऱ्याला उघडायचं म्हणजे रंग त्याआधीच लावावा लागतो. एवढं तर मिस्त्रीलासुद्धा कळलं असतं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी मागच्या आठवड्यात हो म्हटलं त्यांना. तुम्हाला सांगणारच होते. तुम्ही दर वेळी एक अडचण सांगायचात. मला वाटलं, नको म्हणायला तुम्हाला जड जातंय."

मी भिंतीकडे बघत होतो. खडूनं लिहिलेलं 'टेबल' मी हातानं पुसू लागलो. अक्षर गेलं, पांढरा डाग मोठा होत गेला.

"बाबा? ऐकताय ना? मी दिवाळीला येते ना. चार दिवस तरी नक्की येते."

"हो, हो," मी म्हणालो, "दिवाळीलाच म्हणतोय मी."